पाचटाची कांडी कोणाच्या बंबात?

ऊसतोड संपली की कऱ्हाड-वाळव्याच्या पट्ट्यात पाचटाला काडी लागते, आणि त्याच गावांत बंबासाठी जळण विकत घ्यावं किंवा तोडून आणावं लागतं. युरोपात लाकडी पेलेटच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्यांच्या, शेगड्या घरं उबदार ठेवतात. सातारा-सांगलीत महाबळेश्वर, पाचगणीसारखी ठिकाणं सोडली तर घर तापवायची वेळ फारशी येत नाही. इथली उष्णता लागते ती आंघोळीच्या पाण्याला आणि चुलीला. पण शास्त्र तेच. सुटं पाचट भपकन पेटतं आणि विझतं, कारण त्यात पानांपेक्षा हवाच जास्त. तेच दळून, ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणून, ६ ते ८ मिलिमीटरच्या भोकांतून दाबलं की घर्षणाच्या उष्णतेने त्यातलं लिग्निन मऊ होतं आणि निवताना डिंकासारखं सगळं धरून ठेवतं. चांगली कांडी मोडताना कट्‌कन वाजते, तिचा पृष्ठभाग चकाकतो. पाण्यात पडली तर मात्र थोड्याच वेळात फुगून भुसा होते. सगळ्या कांड्या सारख्या, त्यामुळे पंख्याने हवाही मोजून देता येते, आणि धूर बाहेर न पडता वरच्या ज्वाळेत जळतो.

मग ही कांडी घरोघरी का टिकली नाही? २००६च्या सुमारास बीपी कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साथीने ‘ऊर्जा’ ही पेलेट-शेगडी आणली. महाराष्ट्र-कर्नाटकात ती खपलीही. पुढे शेतकचऱ्याला उद्योगांकडून मागणी आली, कांडी महागली, आणि पुरवठा हॉटेलांच्या भटारखान्यांकडे वळला. माझ्या मते दोष शेगडीचा नव्हता. दाबलेलं जळण दूरवर नेता येतं, म्हणून ते जास्त पैसे मोजणाऱ्याकडेच जातं. ऑक्टोबर २०२१च्या धोरणाने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात ५ टक्के बायोमास मिसळायला सांगितल्यावर तर चुलीला मोठाच स्पर्धक मिळाला. घरच्या जळणाचा हिशेब गावातच बसवायला हवा. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने पाचट बंद पिंपांत भाजून कांडी कोळसा करायची रीत दाखवली आणि त्यासाठी २००२मध्ये तिला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. कोळसा करताना पाचटातली बरीच उष्णता वाया जाते, हे खरंच. पण ही भट्टी बांधावर चालते आणि तिला पेलेटच्या यंत्राएवढं भांडवल लागत नाही.

पाचट मातीचंच आहे, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. खोडवा राखायचा असेल तिथे ते सरीतच राहावं. ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो. प्रश्न आहे तो जिथे खोडवा मोडून रान नांगरायचं असतं आणि पाचट पेटवलंच जातं, तिथला. त्या आगीत नत्र जातंच. बंबात जाळलं तर निदान पाणी तापेल आणि पालाशाची राख रानात परत नेता येईल. गॅस आहे ना, असंही म्हटलं जाईल. स्वयंपाकाला गॅसच बरा, आणि कोळसा बंद खोलीत तर पेटवूच नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पण सिलिंडरवर घरभराचं आंघोळीचं पाणी तापवणं अनेकांना परवडत नाही. म्हणून कांडी कोळशाची पहिली जागा परसातला बंब, कारण त्यासाठी वाळक्या फांद्या तोडून आणण्याचे कष्ट बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतात.