वखारीची किल्ली कोणाकडे?
(ऊस नोंदीचे कागद आणि क्लाउड स्टोरेज)



ऊस नोंदीसाठी सातबारा, बँक पासबुक, आधार यांचे फोटो मोबाईलवरून चढवायची पद्धत आता पडत चालली आहे. फोटो चढला की आपण निर्धास्त होतो. पण तो जातो कुठं आणि तो पुन्हा उघडायचा अधिकार कोणाला, हे समजून घेणे प्रत्येक सभासदाच्या हिताचे आहे. म्हणून या अंकात आम्ही त्याची माहिती देत आहोत.

क्लाउड म्हणजे ढग. पण कागद काही ढगात जात नाहीत. ते जमिनीवरच्याच मोठ्या संगणक-वखारीत जातात. अ‍ॅमेझॉनने 'एस-थ्री' नावाची अशी वखार २००६ साली सुरू केली. मायक्रोसॉफ्टच्या 'अझूर'ने २०१५ साली पुण्यातच केंद्र उघडले. हे काम आपल्याला परके राहिलेले नाही. हडपसरच्या शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली. तिथल्या सायबरसिटीत आज अशीच संगणकाची कामे चालतात.

आता संकेतस्थळ या वखारीशी बोलते कसे? त्यासाठी 'क्लायंट लायब्ररी' असते. लायब्ररी म्हणजे इथं वाचनालय नव्हे, तर वखारवाल्या कंपनीनेच तयार करून दिलेला प्रोग्रॅमचा संच. तोडणी टोळीचा मुकादम डोळ्यासमोर आणा. आपण त्याला प्लॉट दाखवतो. कोयते किती, गाडी कुठं लावायची, हे तो बघतो. तसेच प्रोग्रॅमरने एका ओळीत 'ही फाईल ठेव' म्हटले की बाकीचे लायब्ररी बघते. मागणीवर सही करते, मोठी फाईल असली तर मोळ्या बांधाव्यात तसे तिचे तुकडे करून पाठवते, आणि रेंज गेली तर थोडे थांबून पुन्हा पाठवते. हे सगळे हाताने लिहायला गेले तर वेळ जातो आणि चुकाही राहतात.

खरी गोम सहीत आहे. सही होते गुप्त किल्लीने. ही किल्ली वेबपानातच लिहून ठेवली तर? ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाचा मजकूर कोणालाही वाचता येतो. म्हणजे गोदामाची किल्ली गेटवर टांगल्यासारखेच झाले! एका किल्लीने सगळ्यांचे सातबारे, पासबुके उघडी पडतील.

म्हणून योग्य पद्धत अशी, की किल्ली कारखान्याच्या सर्व्हरवरच राहावी. सभासदाने लॉगिन केले की सर्व्हरने त्याची ओळख तपासून एक सही केलेली लिंक द्यावी. ही लिंक म्हणजे गेटपास समजा. एकाच फाईलसाठी, एकाच कामासाठी आणि ठराविक मिनिटांसाठीच ती चालते; मुदत संपली की पास रद्द. मात्र मुदतीच्या आत ती ज्याच्या हाती पडेल त्याच्यासाठी चालते. तेव्हा अशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवू नये.

अझूरमध्ये प्रत्येक खात्याला दोन किल्ल्या मिळतात. एक बदलताना दुसरीवर काम चालू राहते. कर्मचारी किंवा ठेकेदार बदलला, की किल्ली बदलायला सबब उरत नाही.

आणखी एक. वखारवाले प्रत्येक फाईलच्या अनेक प्रती ठेवतात. यंत्र बिघडले तर त्या उपयोगी पडतात. पण आपल्याच माणसाने फाईल पुसली, तर सगळ्या प्रती पुसल्या जातात. त्यासाठी जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय वेगळी चालू करावी लागते.

आपला कारखाना असे काम करून घेत असेल, तर सभासदांनी सर्वसाधारण सभेत चार प्रश्न जरूर विचारावेत:

१. वखारीचे खाते कारखान्याच्या नावावर आहे की ठेकेदाराच्या?
२. किल्ली कोणाकडे, आणि शेवटची कधी बदलली?
३. लॉगिनशिवाय कोणाला फाईल उघडता येते का?
४. पुसलेली फाईल परत मिळते का?

वजनकाटा बरोबर आहे का, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. कागदांच्या वखारीलाही तीच नजर लावावी. प्रश्न लेखी द्यावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे, ही आमची सर्व सभासदांना विनंती आहे.