ब्राउझरमधील रंगीत तालीम

आपल्यापैकी पुष्कळांनी विजेचे बिल किंवा मुलांची फी फोनवरून भरली असेल. पानावरील चौकटींत आपण रकमा लिहितो, आणि बेरीज तत्काळ समोर येते. ही बेरीज दूरच्या कचेरीत नव्हे, तर पुष्कळदा आपल्याच हातातील ब्राउझरमध्ये होते. ती करणारी भाषा जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ साली नेटस्केप कंपनीत रचली.

आता गंमत पाहा. या भाषेत १०० आणि ५० या संख्यांची बेरीज १५० होते. परंतु साध्या चौकटीत लिहिलेला मजकूर ब्राउझर संख्या म्हणून नव्हे, अक्षरे म्हणून हाती देतो. आणि अक्षरांची बेरीज म्हणजे ती एकापुढे एक मांडणे. उत्तर येते १००५०! दीडशेच्या जागी दहा हजार पन्नास. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नुसत्या संख्या देऊन बेरीज तपासली, तर सारे ठीक दिसते. चूक उघडी पडते ती चौकट, कळ आणि ब्राउझर एकत्र आल्यावरच. नाटकाचे वाचन झाले म्हणून भागत नाही. रंगीत तालीम लागतेच.

परंतु प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच त्या कळा माणसाने किती दाबाव्यात? २००४ साली शिकागो येथे जेसन हगिन्स यांनी ‘सेलेनियम’ हे साधन निर्माण केले. असे साधन खरा ब्राउझर उघडते, चौकटी भरते, कळ दाबते आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. २०१७ पासून क्रोम पडद्यावर खिडकी न उघडताही चालतो; त्यामुळे सारे निजलेले असताना ही तालीम होऊ शकते. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी यांची अंतर्गत यंत्रणा निरनिराळी, म्हणून तालीम तिन्हींत व्हावी.

येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. उत्तरासाठी ‘दोन सेकंद थांब’ असे यंत्राला सांगू नये. ‘उत्तर दिसेपर्यंत थांब, मात्र अमुक मर्यादेपर्यंतच’ असे सांगावे. नाहीतर यंत्र मंदावले की निर्दोष पानही नापास होते, आणि मग खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी लक्ष देत नाही. दुसरे, मुद्दाम चूक घालून परीक्षा एकदा नापास होते ना, हे पाहावे. जी परीक्षा कधी नापासच करीत नाही, ती परीक्षा कसली?

शेवटी यंत्र तेवढेच तपासते, जेवढे आपण त्याला विचारायला लावतो. कळ दाबण्याचे कष्ट त्याने घ्यावेत. फी भरणाऱ्या माणसाची काळजी मात्र आपणच वाहिली पाहिजे.