पिन उलटी, आटे उलटे! यंत्रांच्या खोड्यांमागच्या गोष्टी

रोजच्या वापरातली यंत्रं आपल्याला छळतात आणि त्याच दिवशी खूशही करतात. चार्जरची पिन बसत नाही, फोन पंधरा टक्क्यांवरून थेट बंद पडतो, घाटात सायकलवरचा छोटा कॉम्प्युटर भलतीच उंची सांगतो. मग उतारावर त्याच पडद्यावर ताशी ५० किलोमीटरचा आकडा झळकतो आणि सगळं माफ होतं. या खोड्यांमागे बहुतेक वेळा ठोस कारण असतं. कुणी पैसे वाचवलेले असतात, कुणी माणसाच्या सवयीचा विचार केलेला असतो, कुठे निसर्गाचा नियमच आडवा आलेला असतो. कारण कळलं की इलाज सापडतो, आणि यंत्र वापरण्यातली मजाही वाढते. अशा काही गोष्टी इथे, घरातल्या टेबलापासून थेट सायकलच्या सीटपर्यंत.

पिन नेहमी उलटीच का?

यूएसबी घडवणाऱ्या मंडळींत आघाडीवर होते अजय भट्ट. शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, नोकरी अमेरिकेत इंटेलमध्ये. १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. तोवर प्रिंटर, माउस, कीबोर्ड यांच्या पिना आणि वायरी सगळ्या वेगवेगळ्या. कशीही घातली तरी बसेल अशी पिन करता आली असती. पण तिला दुप्पट तारा आणि दुप्पट सर्किट लागून खर्चही दुपटीच्या घरात गेला असता, असं भट्ट यांनीच पुढे सांगितलं. कंपन्यांनी नवी पद्धत स्वीकारायची तर ती स्वस्तच हवी होती. उलटसुलट बसणारी सी-पिन यायला २०१४ उजाडलं. २८ डिसेंबर २०२४ पासून तर युरोपीय संघात नव्या फोनला सी-पिनच हवी, असा नियम लागू झाला.

जुन्या पिनेसाठी युक्ती: तिच्यावर त्रिशूळासारखी खूण असते. आडव्या सॉकेटमध्ये घालताना ती खूण वर ठेवा, बहुतेक वेळा पहिल्याच फटक्यात बसते. आणि सायकलचा दिवा घेताना सी-पिनचाच घ्या, म्हणजे फोनची वायर त्यालाही चालेल.

फोनवर १ वर, कॅल्क्युलेटरवर ७ वर

फोनच्या बटणांत १-२-३ सगळ्यात वर, कॅल्क्युलेटरमध्ये ७-८-९ वर. बटणांचा फोन येण्याआधी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने आकड्यांच्या वेगवेगळ्या मांडण्या लोकांच्या हाती देऊन पाहिल्या. वेग किती, चुका किती, आवडलं काय, हे तपासून निष्कर्ष १९६० मध्ये छापले. १-२-३ वर असलेली मांडणी चांगली ठरली आणि १९६३ मध्ये बटणांचा फोन बाजारात आला. हिशेबाच्या यंत्रांनी आपली जुनी चाल सोडली नाही. एटीएमने फोनचा कित्ता गिरवला, कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्याने कॅल्क्युलेटरचा. म्हणून दिवसभर बँकेत आकडे बडवणारी बोटं एटीएमपुढे क्षणभर अडखळतात.

रिमोट, ज्याला सेलच नव्हते

१९५५ मध्ये झेनिथ कंपनीने प्रकाशाच्या झोताने टीव्ही चालवणारा रिमोट आणला. अडचण अशी की, खिडकीतून ऊन पडलं की टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा. पुढच्याच वर्षी झेनिथच्याच रॉबर्ट अॅडलर यांनी निराळी वाट काढली. रिमोटमध्ये अॅल्युमिनियमच्या चार कांड्या. बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीवर आपटायची, कानाला न ऐकू येणारा उंच स्वर निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा. सेल मुद्दामच टाळले होते. सेल संपले तर गिऱ्हाइकाला टीव्हीच बिघडला असं वाटेल, ही विक्रेत्यांची धास्ती होती.

आजचा रिमोट डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो. तो रुसला तर त्याचं टोक फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट शाबूत आहे, दोष टीव्हीकडे शोधा. मागच्या कॅमेऱ्यात ठिपका दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातही पाहा.

पंधरा टक्के कुठे गेले?

बॅटरीत किती वीज उरली, हे फोनला थेट मोजता येत नाही, अंदाज बांधावा लागतो. किती प्रवाह आत आला, किती बाहेर गेला, दाब किती पडला, यांची गोळाबेरीज म्हणजे तो टक्क्यांचा आकडा. बॅटरी म्हातारी झाली की अंदाज चुकतो आणि पंधराचा शून्य होतो. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. तिच्या पायाभूत कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, नोबेलच्या इतिहासातले सर्वांत वयस्कर मानकरी!

या बॅटरीचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. पूर्ण भरलेला फोन एप्रिलच्या उन्हात हँडलवर तासन् तास तापवणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं. फोन खिशात ठेवा, रस्ता विचारण्यापुरताच बाहेर काढा. हँडलवर आणखी एक धोका आहे. मोटरसायकलच्या इंजिनाच्या सततच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता सांभाळणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपलने २०२१ मध्ये दिला होता.

पावसाचीही बोटं असतात

टचस्क्रीनला दाब कळत नाही, तिला विजेतला बदल कळतो. आपलं बोट वीजवाहक, म्हणून ते टेकलं की पडदा ओळखतो. पावसाचं पाणीही वीजवाहक! जूनमध्ये ताम्हिणीत शिरलात की थेंबच नकाशा सरकवतात आणि राइड थांबवून टाकतात. कोरडा कापडी हातमोजा घातलेलं बोट मात्र पडद्याला दिसतच नाही. म्हणून चांगल्या सायकल कॉम्प्युटरांना आजही बाजूला खरीखुरी बटणं असतात. पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्यांनी बटणवालाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

सपाट रस्त्यावर चढ

अनेक सायकल कॉम्प्युटरांत उंची मोजायला हवेच्या दाबाचा मापक असतो. वर जाल तसा दाब कमी होतो. दर ८-९ मीटरला साधारण एक हेक्टोपास्कल. पण वादळी हवा आली तरी दाब उतरतो आणि सपाटीवर उभ्या सायकलला यंत्र चढ चढवून टाकतं. मापकाच्या बारीक भोकावर पावसाचा थेंब अडकला तर उंची आणखीनच भरकटते. म्हणून पाऊस झेलत बोपदेव घाट चढलेल्या दोघांचे आकडे जुळले नाहीत तर वाद घालू नका.

उपाय आपल्या रेल्वेने करून ठेवला आहे. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. जवळच्या स्टेशनावर जा आणि तो आकडा यंत्रात भरा.

आइनस्टाइन हँडलवर

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, तर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तिथे कमी असल्याने ४५ मायक्रोसेकंद पुढे धावतात. निव्वळ फरक ३८ मायक्रोसेकंद. आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे तो दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात जागा दहा किलोमीटरहून जास्त चुकेल. आपली रविवारची राइड सापेक्षतेच्या भरवशावर चालते!

मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाली आणि अचूकता रातोरात वाढली. तरी उंच इमारतींवरून सिग्नल आपटून येतात, दाट झाडीत अडतात. मग सरळ रस्त्यावरही आपली रेघ नागमोडी निघते आणि अंतर फुगतं.

अशा वेळी चाकाचे फेरे मोजणारं साधं यंत्र जास्त खरं बोलतं. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कर्टिस वीडर यांनी १८९५ मध्ये असं यंत्र विकायला काढलं. चाकाच्या तारेवरची खुंटी प्रत्येक फेऱ्याला एक टिचकी मारणार, आकडा पुढे सरकणार. आजचा चुंबकाचा मापक त्याच तत्त्वावर चालतो. त्याला चाकाचा घेर मात्र बरोबर सांगावा लागतो. टायरवर खडूची खूण करा, सीटवर बसून सायकल एक फेरा पुढे ढकला आणि जमिनीवरचं अंतर मोजा. घेर १ टक्का चुकला तर १०० किलोमीटरमागे एक किलोमीटरचा फरक!

डाव्या पेडलचे उलटे आटे

सायकल खोलायला बसलेला नवशिका डाव्या पेडलशी हमखास झगडतो. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. पेडल मारताना आसावर पडणारा भार गोल फिरत राहतो आणि आसाला बारीक बारीक सरकवतो. दोन्हीकडे सारखेच आटे असते तर डावं पेडल चालता चालता सुटलं असतं. आपोआप न सुटणारं पेडल १९०० मध्ये जाहीर करणाऱ्यांत डेटन गावचे दोन सायकल दुकानदारही होते, राइट बंधू. तीनच वर्षांनी त्यांचं विमान उडालं. लक्षात ठेवायला सोपं: पाना आसावर उभा लावा आणि वरचं टोक सायकलच्या मागच्या बाजूला ओढा. दोन्ही पेडलं अशीच सुटतात.

हवा एक, तोंडं तीन

हवेचा टायर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्टला पेटंट केला. पेशाने ते जनावरांचे डॉक्टर, आणि निमित्त होतं मुलाच्या तीनचाकीचं. पुढे कळलं की रॉबर्ट थॉमसन यांनी हीच कल्पना १८४५ मध्येच नोंदवली होती.

आज हवा भरायचं तोंड मात्र तीन तऱ्हांचं आहे. आपल्या साध्या काळ्या सायकलला रबरी वाल्ट्यूबवालं, गिअरच्या जाड टायरवाल्या सायकलला श्रेडर, आणि रेसिंग सायकलच्या अरुंद रिमला सडपातळ प्रेस्टा. श्रेडर म्हणजे मोटारीचाच वॉल्व. पेट्रोल पंपावर हवा मिळते. प्रेस्टावाल्यांनी पितळेचं छोटं अॅडॉप्टर सोबत ठेवावं. किंमत अगदी थोडी, पण गावाबाहेर तेच घरी पोचवतं.

तीन वॅटचा उजेड

टायरला घासणारा बाटलीसारखा डायनामो लावला की सायकल जड व्हायची, ते आठवतं? त्याची ठरलेली ताकद ६ व्होल्ट, ३ वॅट. आरामात सायकल चालवणारा माणूसही १०० वॅटच्या आसपास ताकद देतो, म्हणजे वीज फार मागत नव्हती; घासण्यातच जास्त वाया जायचं. चाकाच्या हबमध्येच बसणाऱ्या नव्या डायनामोने हे घासणं संपवलं. जर्मनीत सायकलींना डायनामोचा दिवा २०१३ पर्यंत कायद्याने सक्तीचा होता. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरकडची मंडळी ज्या लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइड करतात, त्यांत ६०० किलोमीटरला ४० तासांची मुदत असते, म्हणजे रात्रभर दिवा हवाच. हबचा डायनामो तिथे सोबती ठरतो: चाक फिरतंय तोवर उजेड, आणि जोडणी असली तर फोनलाही चार्ज.

जाता जाता, चटाचट

मनगटावरच्या घड्याळाचा दिवा हिरवा का? रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल तर आकडा भरकटतो.

सायकलची चेन किती ताकद वाया घालवते? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ मध्ये मोजलं, तेव्हा उत्तम स्थितीत ९८.६ टक्के ताकद चाकापर्यंत पोचली.

१९८९ ची टूर द फ्रान्स. शेवटच्या २४.५ किलोमीटरला ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे. पुढे झुकवणारं नवं हँडल लावून तो सुटला आणि ८ सेकंदांनी स्पर्धा जिंकला. इतकी निसटती जीत त्या स्पर्धेत आजवर दुसरी नाही.

१९८३ चा पहिला हातातला मोबाइल दहा तास चार्ज करावा लागे, बोलता येई अर्धा तास. भारतातला पहिला कॉल ३१ जुलै १९९५ चा, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडत.

राइडचा नकाशा सगळ्यांना दाखवताय? राइड नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा अॅपच्या जगभरच्या नकाशावरून जानेवारी २०१८ मध्ये लष्करी तळांच्या वाटा उघड झाल्या होत्या. घराजवळचा भाग लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती आजच चालू करा.

घेण्याआधी तीन प्रश्न

१९२४ मध्ये दिव्यांच्या बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं होतं. वस्तू लवकर मरावी ही इच्छा जुनी आहे. उलट सायकलची ट्यूब पाहा: ठिगळ लावा, पुन्हा चालू. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं.

तेव्हा पुढचं यंत्र घेताना दुकानदाराला विचारा: बॅटरी बदलता येते का? सुटे भाग मिळतात का? ओल्या हातांनी चालेल असं बटण आहे का? तिन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्या वस्तूला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. हे प्रश्न प्रत्येक काउंटरवर रोज विचारले गेले, तरच दुरुस्त होणाऱ्या वस्तू आपल्या बाजारात टिकतील.