सोनेरी घड्याळ आणि त्याचे कारागीर

डिचोलीला आमच्या आजोळी दिवाणखान्यात काचेच्या घुमटाखाली एक फ्रेंच घड्याळ असे. तबकडीवर वीणा घेऊन बसलेली बाई, सगळे सोनेरी. एका वर्षी चवथीच्या आधी समया घासायला काढल्या, त्यांच्याबरोबर मामीने चिंच आणि सोडण घेऊन तेही लख्ख केले. बाईचे नाक आणि गुडघे त्या दिवसापासून पितळी झाले. काय गेले ते कळायला मला बरीच वर्षे लागली.

अशा घड्याळावर नाव एकाचे असते, काम अनेकांचे. तबकडीवरचे नाव बहुधा घड्याळजीचे किंवा विकणाऱ्या दुकानाचे. मूर्ती ओतणारा वेगळा, छिन्नीने रेखणारा वेगळा, सोने चढवणारा वेगळा. पिएर-फिलिप तोमिर (1751–1843) याच्यासारख्या थोर ब्राँझकाराचे नाव पुष्कळदा घड्याळावर सापडतच नाही. बांधणी मात्र डिचोलीच्या कांसाराला लगेच ओळखता येईल. समईसारखेच तुकडे वेगळे ओतून आट्यांनी जोडलेले.

मागची झडप उघडली की यंत्राच्या पत्र्यावर बहुधा गोल शिक्का दिसतो. जापी, व्हँसाँती ही त्यातली मोठी नावे. शिक्क्यात 1855 असेल तर घड्याळ त्याच वर्षीचे, असे आपण समजून चालतो. ते पॅरिसच्या प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचे वर्ष. घड्याळ त्यानंतरचे. लंबक रेशमी दोऱ्याला टांगलेला असेल तर रचना जुन्या पद्धतीची, आणि आपल्या पावसाळ्यात दोऱ्याने ओल धरली की वेळही चुकते.

आता सोन्याकडे येऊ. पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीज अमलात गेले, त्या काळी पॅरिसमध्ये उत्तम मुलामा पाऱ्याचा असे. सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, मूर्तीवर फासायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा वाफ होऊन उडतो, सोने धातूला धरून राहते. मग काही भाग अकीकाने घोटून चकचकीत करायचे, काही मुद्दाम मंद ठेवायचे. त्या कामाची ओळख या चकाकी-मंद खेळात आहे. उडालेला पारा मात्र कारागिराच्या छातीत जाई. हात कापत, दात हलत. आंद्रे-आंत्वान राव्ह्रियो हा ब्राँझकार 1814 मध्ये वारला तेव्हा या लोकांना वाचवणारा उपाय शोधणाऱ्यासाठी त्याने 3000 फ्रँक मागे ठेवले. रसायनशास्त्रज्ञ दार्से याने धूर-वाफ ओढून नेणारी भट्टी सुचवून 1818 मध्ये ते बक्षीस मिळवले. श्रीमंताच्या दिवाणखान्यातल्या झळाळीची किंमत कोण मोजतो हे त्या धंद्यातल्याच एका माणसाला ठाऊक होते. 1840 नंतर विजेचा मुलामा आला आणि पारा मागे पडला.

मामीने घासून काढले ते हे सोने. तो थर पातळच असतो. शहरातल्या एका दुकानदाराने पुढे ‘नव्यासारखे करून देतो’ म्हटले. विजेने सोने चढले असते, पण सगळीकडे सारखेच, आणि जुन्याचे उरलेलेही त्याखाली गेले असते. मामाने दिले नाही.

आपल्या घरी असे घड्याळ असेल तर तळ पाहावा. करडा धातू दिसला तर ते जस्ताचे, नंतरचे स्वस्त काम. पिवळा असेल तर ब्राँझ किंवा पितळ. चिंच, राख, बाटलीतले पॉलिश काहीच लावू नये. कोरडा मऊ कुंचला पुरे. हलवायचे झाले तर आधी लंबक काढावा.