खानापूरचा पाऊस, रान आणि शिवार

आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांचे मूळ गाव खानापूर तालुक्यात आहे. नोकरीधंद्यासाठी आपण बेळगावात स्थिरावलो, तरी गणपतीला आणि गावच्या जत्रेला आपले पाय तिकडेच वळतात. सुट्टीत गावी गेलेली मुले हमखास एक प्रश्न विचारतात, "पावसाळ्यात इथे घराबाहेर पडता येत नाही, मग एप्रिलमध्ये आजीला पाण्यासाठी एवढ्या लांब का जावे लागते?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात आपल्या गावांची सगळी घडण येते.

पाऊस आणि दोन नद्या

नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीला अडतात. वर चढताना हवा थंड होते आणि बाष्पाचा पाऊस होतो. म्हणून चोर्ला, कणकुंबी, आमगाव या पट्ट्यात वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. कर्नाटकातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत या भागाची गणना होते. डोंगर ओलांडून वारे पूर्वेला उतरले की पाऊस झपाट्याने कमी होतो. बेळगावात तो साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर असतो, तर सौंदत्तीकडे त्याच्या निम्म्यावर येतो.

याच डोंगरमाथ्यावर पाण्याच्या वाटाही फुटतात. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून पुढे जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. देगावच्या रानातून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. या पाण्याच्या वाटपाचा वाद लवादापुढे गेला, २०१८ साली निवाडाही आला, पण वाद अजून शमलेला नाही. कोणाची बाजू कोणतीही असो, दोन्ही नद्यांचे पाणी आधी या रानातच मुरते.

रान पाणी कसे धरते

डोंगराळ भागात उतार तीव्र आणि खडक बहुतेक जांभा. उघड्या उतारावरून पाणी धावत सुटते आणि जांभ्यात मुरलेले पाणीही लवकर झिरपून जाते. म्हणूनच एवढा पाऊस होऊनही उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. या पाण्याला थोपवते ते रान. झाडांची पाने सरींचा मार झेलतात, खालचा पालापाचोळा पाणी शोषतो आणि मुळांच्या वाटेने ते सावकाश खाली जाते. जिथे वरचे रान दाट आहे, तिथला झरा उशिरापर्यंत वाहतो.

पश्चिमेला सदाहरित रान, पूर्वेला येताना ऐन, किंजळ, साग असे पानगळीचे वृक्ष, अशी या जंगलाची रचना आहे. त्यातील सुमारे १९० चौरस किलोमीटर क्षेत्र २०११ साली भीमगड अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तेथील बारापेडे गुहेतील दुर्मीळ वटवाघळांमुळे हे नाव जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांना माहीत आहे.

पावसावर बेतलेली शेती

भात हे इथले मुख्य पीक. सखल भागात वळवाच्या पावसानंतर रोहिणी नक्षत्राच्या सुमारास कुरीने धूळवाफ पेरणी होते. जास्त पावसाच्या भागात तरवा टाकून चिखलात रोप लावतात. तरव्याची जमीन पालापाचोळा आणि शेण पसरून भाजायची जुनी रीत आहे. त्याने तण मरते आणि राखेचे खत मिळते. वरकस जमिनीत नाचणी, तर तांबड्या माळावर रताळी. नवरात्रात आणि महाशिवरात्रीला उपवासासाठी आपण जी रताळी घेतो, त्यांतली पुष्कळशी याच मातीतली असतात. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर आणि हरभरा येतो, वेगळे पाणी द्यावे लागत नाही.

आज काय घडते आहे

उभ्या भातात गवे शिरतात, रानडुकरे रताळी उकरतात. राखणीला रात्री माळ्यावर बसायचे कोणी? तरुण मुले गोव्यात, पुण्यात किंवा बेळगावात कामाला आहेत. अभयारण्यातील वाड्यांना पक्का रस्ता नाही. पावसात आजारी माणसाला खांद्यावरून आणावे लागते. म्हणून काही कुटुंबे पुनर्वसन स्वीकारू लागली आहेत. त्यांना दोष देण्याचा अधिकार शहरात बसलेल्या आपल्याला नाही.

मात्र शेत पडीक राहिले की बांध फुटतात. बांध फुटला की शेतात तुंबून मुरणारे पाणी ओढ्याला लागते आणि त्याचा फटका खालच्या विहिरीला बसतो. आजीची वाट लांबते ती अशी.

आपल्या हातात थोडे आहे, पण ते नक्की आहे. यंदा गावी गेलात तर आपल्या वाट्याच्या शेताचे बांध पाहून या आणि फुटले असतील तर भावकीशी बोलून बांधून घ्या. पडीक जमीन कसणाऱ्याला कसू द्या. उन्हाळ्यात माळाला आग लावू नका. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून जुन्या भातांची, झऱ्यांची, झाडांची नावे मुलांसमोर वहीत उतरवून घ्या. ती सांगणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत.