मैदान सर्वांचे, हिशेब चोख

बाजारपेठेत राहणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा दिवस शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत संपतो. वडील रात्री दुकान वाढवूनच घरी येतात. म्हणून समाजाच्या बैठकीत हा विषय पुनःपुन्हा निघतो : मुलामुलींसाठी क्रीडांगण हवे, ज्येष्ठांसाठी योगवर्ग हवा. ठराव एकमताने होतो, वर्गणीची यादी फिरते. पहिल्या वर्षी ती भरते, तिसऱ्या वर्षी आटते आणि फाटलेल्या जाळीचे मैदान ओस पडते.

व्यापाऱ्यांच्या दानातून मैदान उभे राहणे ही जुनी रीत आहे. मुंबईत १८९४ साली स्थापन झालेला हिंदू जिमखाना आजही परमानंददास जीवनदास यांच्या नावाने ओळखला जातो. परंतु बांधकाम एकदाच होते; प्रशिक्षकाचे मानधन, वीज, पाणी आणि साहित्य यांचा खर्च दरवर्षी येतो. तो केवळ वर्गणीवर पेलत नाही. त्यासाठी बाहेरच्या निधीची वाट माहीत असावी लागते.

पहिली वाट उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीची. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्या कार्यांच्या यादीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. येथे ‘प्रशिक्षण’ हा शब्द महत्त्वाचा. केवळ मंडप आणि चषक यांचा प्रस्ताव टिकत नाही. किती मुले, कोणता खेळ, आठवड्यातून किती दिवस, प्रशिक्षक कोण, हे त्यात लिहावे लागते. कंपनीशी संबंध नसलेल्या विश्वस्त संस्थेकडून आयकर कायद्याखालील आवश्यक नोंदणी, सीएसआर-१ नोंदणी आणि अशा कार्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव अपेक्षित असतो.

दुसरी वाट शासनाची. महाराष्ट्रात क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अशा अनुदान योजना आहेत. त्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होते. पात्रता व रक्कम शासन निर्णयानुसार बदलत असल्याने ऐकीव माहितीवर अर्ज करू नये. तिसरी वाट खासदार स्थानिक विकास निधीची. प्रत्येक खासदारास वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचविता येतात. पुढील कार्यवाही जिल्हा प्रशासन पाहते. मात्र धार्मिक स्थळी किंवा धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवर हा निधी वापरता येत नाही. मंदिरामागच्या मोकळ्या जागेचा आराखडा काढण्यापूर्वीच सातबारा अथवा मिळकत पत्रिका पाहिलेली बरी.

या सर्व वाटांवर एक प्रश्न उभा असतो : हे मैदान कोणासाठी? ‘आपला पैसा, आपली मुले’ हे ज्येष्ठांचे म्हणणे मनापासूनचे असते. स्वतःच्या पैशाने तसे करताही येते. परंतु आयकर कायद्यातील देणग्यांवरील सवलत एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्या हितासाठी असलेल्या संस्थेला मिळत नाही. म्हणजे फाटक बंद ठेवले तर देणगीदाराची करसवलत जाते आणि बाहेरच्या निधीची दारेही बहुधा मिटतात. फाटक उघडे ठेवले तर शेजारच्या वस्तीतील मूल त्याच मैदानावर कबड्डी खेळेल. निर्णय विश्वस्तांचा; पण तो ठरावाआधी व्हावा, पायाभरणीनंतर नव्हे.

कागदपत्रांची तयारी मात्र आजच सुरू करता येते. विश्वस्त पत्राच्या उद्दिष्टांत क्रीडा व व्यायाम यांचा उल्लेख आहे का, हे तपासावे. नसल्यास धर्मादाय आयुक्त कार्यालयाशी संबंधित कार्यवाही जाणकारांकडून समजून घ्यावी. लेखापरीक्षण दरवर्षी वेळेवर व्हावे. २,००० रुपयांहून अधिकची रोख देणगी करसवलतीसाठी ग्राह्य धरली जात नाही. ती धनादेशाने अथवा बँकेतून घ्यावी. खेळाडूंची हजेरी, साहित्याची नोंद आणि खर्चाच्या पावत्या यांची स्वतंत्र वही ठेवावी. रोजमेळ रात्री जुळल्याशिवाय दुकान न वाढवणाऱ्या घरांना ही शिस्त नवी नाही. तीच शिस्त मैदानाच्या वहीला लावली, तर तीन वर्षांनी अर्ज करताना अनुभवाचा पुरावा हाताशी असेल आणि तोवर मुलेही खेळत राहतील.