पंचवीसचे पावणेदहा हजार
नवी मुंबईच्या गच्चीवरून पश्चिम-नैऋत्येला, क्षितिजापासून सुमारे 33 अंशांवर कतारचा भूस्थिर उपग्रह एस-हेल-2 येतो. 2018 मध्ये सोडलेल्या या उपग्रहावर हौशी रेडिओसाठी क्यूओ-100 हा ट्रान्सपाँडर आहे. त्याचे संदेश 10,489.5 मेगाहर्ट्झच्या पुढे उतरतात. डिशवर संदेशांची वारंवारता खाली आणणारा एलएनबी असतो; त्यातील 25 मेगाहर्ट्झच्या स्फटिकाचा संदर्भ फेज-लॉक लूपमध्ये 390 पट होऊन 9,750 मेगाहर्ट्झ मिळतात. दोहोंतला फरक, सुमारे 740 मेगाहर्ट्झ, रिसीव्हरकडे जातो. गुणाकारात चूकही तेवढीच वाढते. उन्हाने तापून स्फटिक अवघा 1 हर्ट्झ सरकला, तरी संदेश 390 हर्ट्झने ढळतो आणि बोलणे विद्रूप होते. फेज-नॉइज, म्हणजे संदर्भातली बारीक थरथरही, किमान 52 डेसिबलने वाढतो. म्हणून जीपीएसशी जुळवलेला 10 मेगाहर्ट्झचा संदर्भ अडीचपट करून स्फटिकाच्या जागी द्यावा. हा खात्रीचा उपाय.